गडगनेराचं ताट

सुभद्राबाई अंगणात तांदूळ निवडत बसल्या होत्या. पण सुपातल्या खड्यांपेक्षा गल्लीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांवरच त्यांचं जास्त लक्ष होतं. सक्करदऱ्याच्या या वस्तीत त्यांचा उभा जन्म गेला. पण हल्ली फाटक वाजलं की हातातलं काम टाकून त्या आधी कोण आलं ते पाहायच्या. शेजारच्या यमुताई कुंपणावरून डोकावल्या.

"काहून वं सुभद्रा, प्रेमा दिसत नाई आजकाल? अपेंडिक्सच्या ऑपरेशनले इतके दिवस लागते का?"

"लागते काही काही जनाले," सुभद्राबाई मान वर न करता म्हणाल्या.

"परवा खिडकीत दिसली. बारीक झाली पन पोट्टी! बरं झालं बाप्पा. लगन तोंडावर आलं."

यमुताई सरळ मनानं बोलल्या होत्या. पण चोराच्या मनात चांदणं. 'ही काहून विचारून राहिली?' म्हणत सुभद्राबाई सूप उचलून आत गेल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

कारण अपेंडिक्स नव्हतंच.

त्यांची एकुलती एक मुलगी प्रेमलता बी.ए. झालेली, गळ्यानं गोड, हातानं सुगरण आणि अंगानं लहानपणापासून स्थूल. बघायला येणारे पाहुणे तिचं गाणं ऐकत, तिच्या हातच्या करंज्या पुन्हा मागून घेत आणि 'कळवतो' म्हणून जात. एका दीडशहाण्यानं तर बशीतला चहा फुरकत विचारलं होतं, "धान्याची कोठी हिच्याच खोलीत ठेवता का?" सगळे हसले. प्रेमलताही हसली, आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसली. माणसाच्या लेकराची ही काय थट्टा! पण त्या दिवशी कुणीही त्या पाहुण्याला उठवून लावलं नाही, हेही खरंच.

मग काटोलचं स्थळ आलं. संत्र्याचा मोठा बगिचा, मुलगा चंद्रभान शांत स्वभावाचा. त्याची आई कांताबाई मात्र तोंडाची फटकळ. जाता जाता दारात उभी राहून म्हणाली, "पोट्टी गुनाची आहे, नाई म्हनत नाई. पन एवढी लठ्ठ सून घेऊन मांडवात मिरवू कशी? दिवाळीपर्यंत आर्धी करा, मंग बोलू."

कशी करायची ते त्यांनी सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. सुभद्राबाईंचे यजमान मनोहरराव गिरणीत टाइमकीपर. त्यांच्या साहेबांच्या बायकोनं सांगितलं की मुंबईला विलायतेहून शिकून आलेला एक डॉक्टर आहे, तो जठराला आतून टाके घालून जागाच लहान करतो. मग माणूस जास्त खाऊच शकत नाही. झालं, दोघांनी ठरवून टाकलं. प्रेमलताला विचारलं का? विचारलं की. बॅग भरून झाल्यावर विचारलं.

डॉक्टरनं मात्र बजावलं होतं. आधी पातळ, मग मऊ, आणि जन्मभर थोडं थोडं, चावून चावून. पहिले काही महिने तर फार जपायचं. घास जास्त झाला तर आतले टाके उसवू शकतात आणि मग जिवावर बेततं. सुभद्राबाईंनी सगळं ऐकलं, आणि गाडीत बसल्याबरोबर नवऱ्याला म्हणाल्या, "काटोलले मालूम झालं नाई पायजे."

काटोलला सांगितलं ते असं, की पोरीनं पथ्य धरलं, योगासनं केली. गल्लीला सांगितलं अपेंडिक्स. कांताबाईंनी सुपारी फोडली आणि माघातली तिथी धरली.

त्या दुपारी यमुताईंना चुकवून सुभद्राबाई आत आल्या, आणि फाटक वाजलं. दारात खादीच्या साडीतली एक पस्तिशीची बाई उभी होती.

"काकू, प्रेमलता आहे का?"

"तुमाले कोनं पाठवलं?" सुभद्राबाईंच्या तोंडून पहिला शब्द हाच निघाला.

"कोनं नाई. मी सिंधू. टेलिफोन ऑफिसात असते." तिनं मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "माझं पन तेच ऑपरेशन झालं आहे."

सुभद्राबाईंनी पटकन गल्लीत नजर टाकली. हिला कळलं कसं? काटोलवाल्यांनी माग काढायला धाडली? की त्या मुंबईच्या डॉक्टरचीच ही गिऱ्हाइकं गोळा करणारी बाई?

सिंधूताई ओसरीवरच टेकली. "गनेशपेठेत माझ्या घरी दर गुरुवारी दुपारी आमी बसतो. कोनाचं झालं आहे, कोनाचं करू का नको चाललं आहे. कोनाले कर म्हनत नाई, नोको करू म्हनत नाई. आपलं आपलं बोलतो. एकटं मानूस भेऊन जाते काकू. आमच्यात कुही गावची एक जयवंता होती. सासरी ऑपरेशन लपवलं होतं. पंगतीत आग्रह झाला, अन् नवी सून, ताटावरून उठता येईना. दुसऱ्या दिवशी पोट धरून दवाखान्यात नेली, ते परत आलीच नाई."

"तुमी मले भेव दाखवून राहिल्या का?" सुभद्राबाई उठून उभ्या राहिल्या. "आमच्या पोरीचं असं काही झालं नाई. या तुमी."

चहा न विचारता त्या घरातून कुणी परत गेलं, असं त्या दिवशी पहिल्यांदा घडलं.

पुढच्या गुरुवारी प्रेमलता "लायब्ररीत पुस्तक बदलून येतो" म्हणून निघाली. पुस्तक घरातच राहिलं होतं. सुभद्राबाईंनी ते पाहिलं, डोक्यावरून पदर घेतला आणि मागून दुसरी रिक्षा केली. गणेशपेठेतल्या एका लहानशा घराच्या खिडकीशी त्या उभ्या राहिल्या. या वयात अशी चोरासारखी वेळ यावी!

आत सिंधूताई होती, एक पिकल्या केसांची बाई होती, आणि होता एक भल्या थोरल्या देहाचा, मिशाळ पुरुष. पुरुष पाहून सुभद्राबाईंच्या मनात नको नको ते येऊन गेलं. तो होता इतवारीतला मिठाईवाला भैय्याजी. साखरेच्या आजारानं आणि गुडघ्यांनी टेकीला आला होता, आणि ऑपरेशन करू की नको या घोरात होता. प्रत्येकाच्या हातात छोटी वाटी होती, तीत मुगाची मऊ खिचडी.

"मले एक सांगा ताई," भैय्याजी म्हणाला, "मी मिठाईवाला आदमी. मीच खाल्लं नाई तर गिऱ्हाईक म्हनन, ह्याच्याच मालात खोट आहे!"

प्रेमलता खळखळून हसली. मुंबईहून आल्यापासून सुभद्राबाईंनी तिचं हसणं ऐकलंच नव्हतं. मग ती चमचा खाली ठेवून म्हणाली, "इथी बरं वाटते. घरी मी जेवाले बसली की आई दार लावून घेते."

ही वेळ खरं तर ऐकून विचार करायची. पण संशयाला शहाणपण कुठलं? 'घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर मांडून राहिली!' एवढंच सुभद्राबाईंना कळलं. त्या आत शिरल्या आणि मुलीच्या दंडाला धरून तिला बाहेर घेऊन आल्या. सिंधूताई दारापर्यंत मागे आली. तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

रिक्षात प्रेमलता इतकंच बोलली, "आई, सिंधूताईले मीच बोलावलं होतं. मुंबईच्या दवाखान्यात ती तपासाले आली होती, तठी ओळख झाली. तुले विचारलं असतं तर तू हाव म्हटली असती का?"

त्या दिवसापासून प्रेमलताचं बाहेर जाणं बंद झालं.

लग्न जवळ आलं तशी गडगनेराची बोलावणी सुरू झाली. लग्नाआधी नात्यागोत्यातल्यांनी नवरीला घरी बोलवायचं, पाटावर बसवून गोडाधोडाचं खाऊ घालायचं, ही आपली जुनी रीत. प्रेमाचीच रीत आहे, पण प्रेम मोजायचं कशानं, तर ताटात किती वाढलं आणि पोरीनं किती संपवलं यानं. सुभद्राबाईंनी कुठे ताप सांगितला, कुठे उपास. पण शहरातल्याच महाल भागातून कांताबाईंच्या बहिणीचं, गोपिकाबाईंचं बोलावणं आलं, तेव्हा इलाज उरला नाही. खुद्द कांताबाई आणि चंद्रभान काटोलहून येणार होते. नाही म्हणावं तर शंकेला जागा.

"दोन घास खाशील," घरून निघताना त्यांनी मुलीला शिकवलं, "बाकीचं ताटात इकडचं तिकडे करशील."

गोपिकाबाईंनी हौसेनं सगळं केलं होतं. वडाभात, पाटोडीची रस्साभाजी, तुपात बुडालेल्या पुरणपोळ्या. ताटाभोवती रांगोळी काढली होती. प्रेमलता बसली आणि बायकांनी तिच्याभोवती कोंडाळं केलं.

"कशी सुरेख झाली वं! पाह्यली होती तवा काय होती!"

"वाढा तिले अजून. काय चिमनीवानी खाऊन राहिली!"

हेही आपल्याकडंच जमतं! जाड म्हणून नाकं मुरडणाऱ्या याच, आणि 'माझ्या गळ्याची शपथ, एवढं घेच' म्हणून वाढणाऱ्याही याच.

प्रेमलतानं वडाभाताचे दोन घास घेतले. गोपिकाबाईंनी समोर बसून तिसरा घ्यायला लावला, मग चौथा. तिच्या वरच्या ओठावर घाम आला. डावा हात छातीखाली गेला. तिकडे कांताबाईंचे डोळे बारीक होत चालले होते. संशय काही एकट्या सुभद्राबाईंचाच नव्हता.

"खात काहून नाई ही?" कांताबाई बहिणीला म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू येईल अशा बेतानं. "काही बिमारी तर लपवून नाई राहिले हे लोक?"

कोंडाळ्यात कुजबुज झाली. कांताबाई उठल्या, प्रेमलतासमोर बसल्या आणि पुरणपोळीचा तूप निथळणारा मोठा घास करून त्यांनी तिच्या तोंडाशी धरला. "घे. सासूच्या हातचा घास फिरवत नसते."

प्रेमलतानं आईकडे पाहिलं. सगळ्या बायकांनीही सुभद्राबाईंकडे पाहिलं. क्षणभर त्यांच्या डोळ्यांपुढे मांडव आला, तिथी आली, यमुताई आल्या, बशीतला चहा फुरकणारा तो पाहुणा आला. आणि त्या म्हणाल्या, "खाय वं प्रेमा. एवढा एक."

प्रेमलतानं तोंड उघडलं. हट्ट नाही, रडणं नाही. घामानं डवरलेल्या चेहऱ्यानं, आईकडे बघत बघत तिनं निमूट तोंड उघडलं. लहानपणी कडू औषध घेताना अशीच उघडायची. आई सांगते म्हणजे आपल्या भल्याचंच असेल, या भरवशावर.

सुभद्राबाईंना कुहीची ती कधी न पाहिलेली पोर आठवली. तीही अशीच बसली असेल. त्यांनी झेप घेऊन कांताबाईंचं मनगट धरलं. घास रांगोळीवर पडला.

"पुरे! तिच्या पोटात जागा नाई."

"अवं, पन..."

"मुंबईले नेऊन आमी तिचं पोट शिवून आनलं. अपेंडिक्स खोटं, योगासनं खोटी. तुमी म्हनलं होतं ना विहीनबाई, आर्धी करा? केली आर्धी! आता तुमचा हा घास तिचा जीव घेईन."

कांताबाई तडकल्या. "म्हन्जे फसवलं आमाले!"

"फसवलं," सुभद्राबाई म्हणाल्या. त्यांचा हात मुलीच्या पाठीवर होता. "पन तुमाले कमी, माह्या पोरीले जास्त."

दारात उभा असलेला चंद्रभान पुढे आला. "प्रेमलता, मले तरी सांगाले पायजे होतं."

प्रेमलता भिंतीला धरून उठली. "तुमी कधी विचारलं होतं, कशी बारीक झाली म्हनून? पाह्यलं, अन् सुपारी फोडली. मी जाड होती तवा तुमच्या मांडवात मावत नव्हती. आता घास मावत नाई तर तुमच्या पंगतीत मावत नाई. मले नाई करायचं हे लगन."

चंद्रभाननं मान खाली घातली. त्यानं आईला एका शब्दानंही काही म्हटलं नाही, आणि प्रेमलताला जे पाहायचं होतं ते तिनं पाहून घेतलं. मायलेकी चप्पल घालून बाहेर पडल्या. कोपऱ्यावर गेल्यावर प्रेमलताला ओकारी आली. सुभद्राबाईंनी तिचं कपाळ धरलं, आणि रिक्षावाल्याला सक्करदरा न सांगता गणेशपेठ सांगितलं. सिंधूताई तशीच बरोबर दवाखान्यात आली, आणि टाके शाबूत आहेत असं डॉक्टर सांगेपर्यंत सुभद्राबाईंजवळ बसून राहिली.

काटोलहून पुढे निरोप आला नाही, यांनीही वाट पाहिली नाही. यमुताईंना सुभद्राबाईंनी स्वतःच कुंपणापाशी बोलावून सगळं सांगितलं. चार दिवस गल्ली बोलली. मग दुसऱ्या कुणाच्या तरी पोरीवर बोलायला लागली.

वाचकहो, तुमच्या-आमच्या घरीही मुली दाखवायला बसवतात. त्यांच्या अंगाकडे बोट दाखवणारा पाहुणा आणि हसून साजरं करणारे आपण, यात मोठा गुन्हेगार कोण, हे ज्याचं त्यानं रात्री उशीला विचारावं.

आता गुरुवारी गणेशपेठेत खिचडी टाकायचं काम सुभद्राबाईंकडे असतं. भैय्याजीचं करू का नको अजून मिटलेलं नाही आणि कुणी त्याला घाईही करत नाही. परवा सुभद्राबाईंनी धाडलेल्या निरोपावरून बुटीबोरीकडची भीमाबाई नावाची एक बाई आपल्या थोराड लेकीला घेऊन आली. लेकीला पाठीशी घालून ती उंबऱ्यातच अडली.

"तुमाले आमचा पत्ता कोनं देला? पोराकडच्या लोकाइनं तर नाई?"

"कोनं नाई," सुभद्राबाई म्हणाल्या. "या, आत या. मी बी पयल्यांदा खिडकीतूनच पाह्यलं होतं."

पोरगी संकोचत बसली. सुभद्राबाईंनी तिच्या हातात वाटी दिली. दोन चमचे खाऊन तिनं वाटी खाली ठेवली. 'अजून घे वं', म्हणायला सुभद्राबाईंचं तोंड सवयीनं उघडलं. त्यांनी ते मिटून घेतलं आणि वाटी उचलून नेली.