गाण्यामागची घरघर

मित्रांनो, मी एक जुना आणि फार भित्रा अ‍ॅम्प्लिफायर आहे. परळीच्या सोमलिंग आप्पांच्या मंडपाच्या दुकानात राहून मी वीस वर्षं लग्नं आणि कीर्तनं गाजवली. लोक माझ्या आवाजाचं कौतुक करायचे. पण कार्यालयांच्या भिंतींना दोनच भोकांचे सॉकेट असायचे, म्हणून आप्पांनी माझ्या प्लगची तिसरी पिन पकडीने कापून टाकली. अंगात उतरलेली वीज ज्या वाटेने जमिनीत जाते, ती वाट तिथेच बंद झाली. तेव्हापासून कुणी मला हात लावला की माझा जीव खालीवर होई.

मग घरोघरी केबल आली. केस वाढवून गिटार बडवणारी पोरं टीव्हीवर दिसू लागली आणि आप्पांच्या रवीने बँड काढला. गाणारी त्याची धाकटी बहीण, रोहिणी. एका दुपारी त्यांनी दुकानातच आपलं पहिलं गाणं टेप करायला घेतलं. वीज केंद्राची राख बसते म्हणून त्यांच्या आईने, दानम्माने, फरशी नुकतीच पुसली होती. रोहिणी अनवाणी उभी होती.

मला बोलता येत नाही. मी होता नव्हता तेवढा जोर लावून घरघरलो.

"दादा, माइकला मुंग्या येत्यात," रोहिणी म्हणाली.

"जुनं हाय ते, भिऊ नको," रवी म्हणाला. "आन् ही घरघर लई भारी वाटायलीय. राहू दे."

तिसऱ्या कडव्याला तिची बोटं माइकला चिकटली. ती किंचाळली. दानम्माने धावत येऊन प्लग उपटला, म्हणून पोर वाचली.

रवी टेपवरचं ते सगळं पुसून टाकणार होता, पण बँडमधल्या पोरांनी पुसू दिलं नाही. ते एकच गाणं घरघरीसकट, किंकाळीसकट कॅसेटवर निघालं आणि गाजलं. रोहिणीने माइक पुन्हा हातात धरला नाही. आप्पांना माझ्याकडे बघवेना. त्यांनी मला चौसाळ्याच्या स्पीकरवाल्या सुग्रीवला विकलं. पिनेबद्दल मात्र त्याला चकार शब्द सांगितला नाही.

इथली पोरं तेच गाणं लावायला सांगतात. रोहिणीची किंकाळी माझ्यातूनच बाहेर पडते आणि पोरं नेमक्या तिथे शिट्ट्या मारतात. मला ते सहन होत नाही.

उद्या शाळेचं स्नेहसंमेलन आहे. धूळ उडू नये म्हणून पटांगणावर पाणी मारणार आहेत. पहिलं गाणं चौथीतल्या एका मुलीचं आहे. मित्रांनो, मी घरघरेन, तेवढंच मला जमतं. तेव्हा टाळ्या वाजवू नका. आधी मला बंद करा, प्लग काढा आणि त्याच्या पिना मोजा.