शेजारच्या हसऱ्या पुस्तकाचा हेवा

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. गंभीर. माझ्या गोष्टीत एका नावाड्याची मुलगी पुरात वाहून जाते, तरी तो रोज दोन ताटं वाढतो. छापखान्यातून आले तेव्हा माझ्या शाईचा काय घमघमाट होता! शाळेच्या वाचनालयात मला दर्शनी फळी मिळाली. मोठ्या बाई म्हणाल्या, "पुस्तक असावं तर असं!" एवढं म्हणून त्यांनी मला न वाचताच परत ठेवलं.

मग माझ्या शेजारी ते आलं. विनोदी गोष्टींचं पुस्तक. उंची माझ्याएवढी, जाडी माझ्याएवढी, पण नशीब? छे! दर शनिवारी शेवटच्या तासाला वाचनालयात मुली नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाबद्दल बोलायच्या आणि ज्यांना ते हवं असेल त्या हात वर करायच्या. त्याच्यातल्या न्हाव्याची फजिती सांगताना सांगणारीच हसून बाकावर आडवी व्हायची. मग हातच हात! इकडे माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. त्याची पानं हाताळून मऊ झालेली, माझी पडून पडून पिवळी. माझ्या नावाचं पान तर वाळवीनं खाल्लं. मला त्याच्या फाटक्या कोपऱ्यांचासुद्धा हेवा वाटायचा, खरंच!

यंदा ग्रंथपाल बाईंनी जाहीर केलं, "सहामाहीपर्यंत ज्या पुस्तकासाठी एकही हात वर होणार नाही, ते रद्दीत." माझ्यासाठी तर आजवर एकही हात वर झाला नव्हता! मग बाईंनी उत्साहानं सगळ्यांना खाकी कव्हरं घातली. पण कव्हरांवर नावं आधी लिहिली आणि ती पुस्तकांना नंतर घातली! माझ्या अंगावर त्याचं नाव आलं.

वर्गातली टकळी, जिचं तोंड झोपेतही बंद नसतं, ती मला मिरवत घरी घेऊन गेली. सहामाहीआधीच्या शेवटच्या शनिवारी ती उभी राहिली.

"बायांनो, मी हसायला बसले होते हं! पन्नास पानं झाली, हसू येईना. म्हटलं, माझंच डोकं बंद पडलं की काय! तो नावाडी दुसरं ताट वाढतो ना, मला वाटलं, आता मांजर येणार, ताट चाटणार, मज्जा!" ती थांबली. टकळी थांबली! "मांजर आलंच नाही गं."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "ए, त्यात नावाडी कुठला? काहीही फेकतेस!"

झालं! माझी गोष्ट, माझं दुःख, आणि नाव त्याचं! मी जळून कोळसा व्हायची बाकी होते. तेवढ्यात बाईंनी कव्हर काढलं, आत पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अगं, ही तर वेगळीच! बरं, कुणाला हवी?"

नऊ हात. मी दोनदा मोजले.

आता मी घरोघर फिरते. माझेही कोपरे दुमडलेत. पण मेला हेवा काही जात नाही! मुली मला वाचून रडतात आणि डोळे पुसून उघडतात कुणाला? त्यालाच!

मित्रांनो, पुस्तकांना वाळवीपासून जपा, पण तेवढ्यानं भागत नाही. वाचलेलं पोटात ठेवू नका, कुणाला तरी सांगा. रडवलं तर रडवलं म्हणा, हसवलं तर हसवलं म्हणा. फक्त माझ्याबद्दल बोलून झाल्यावर लगेच त्याचं नाव काढू नका. निदान मधल्या सुट्टीपर्यंत तरी थांबा!