शंभर व्होल्टवरची किटली

मित्रांनो, मी एक जुनी विजेची किटली आहे. जपानमधल्या कोबे शहरात, डोंगराकडे चढत जाणाऱ्या एका गल्लीत मी राहात होते. माझे पोट स्टीलचे आणि मूठ काळी आहे. पाणी तापवणारी कॉइल माझ्या पोटात उघडीच आहे. हल्लीच्या किटल्यांची कॉइल तळाखाली झाकलेली असते. मी त्यांच्या आधीची.

माझा जन्म इंग्लंडमध्ये, लेस्टर शहराजवळच्या एका कारखान्यात झाला. तिकडे घराघरांत दोनशे चाळीस व्होल्टची वीज असते. त्या विजेवर मी बघता बघता पाणी उकळत असे. मला विकत घेणाऱ्या बाई पाहुण्यांना कौतुकाने सांगत, "तुम्ही कोट काढेपर्यंत चहा होतो आमच्याकडे." ते ऐकून मला फार बरे वाटे. त्या बाईंचा मुलगा म्हणजे माझे आताचे मालक, डेरेकसर. कोबेच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायची नोकरी त्यांना लागली, तेव्हा आईने मला दोन स्वेटरांत गुंडाळून त्यांच्या बॅगेत भरले. मुलगा कुठेही गेला तरी चहावाचून राहू नये, एवढेच तिच्या मनात होते. परदेशातली वीज वेगळी असते, हे तिच्या गावीही नव्हते.

जपानची वीज शंभर व्होल्टची. मित्रांनो, वीज निम्म्याहून कमी झाली, की उष्णता पाचव्या हिश्शाहूनही कमी होते. हे शास्त्र मी पुस्तकात वाचलेले नाही, सोसलेले आहे. पहिल्या दिवशी सरांनी मला सुरू केले, दाढी केली, कपडे केले, तरी माझे पाणी कोमटच. दुकानदाराने वीज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर दाखवला. सर म्हणाले, "मी इथल्या भातावर जगतो आहे. तिने इथल्या विजेवर जगावं." त्या एका वाक्याने माझे सारे पुढचे आयुष्य ठरले. ज्या कामासाठी माझे कौतुक होत असे, तेच काम मी कुथत कुथत करू लागले.

पण माझ्या या मंदपणामुळे एक झाले. पाणी उकळेपर्यंत सरांना बोलावे लागे आणि मला ऐकावे लागे. सर नोकरीतून निवृत्त झाले, त्यांच्याकडे येणारे विद्यार्थी कमी झाले, पण मते कमी झाली नाहीत. मते त्यांची प्रत्येक गोष्टीवर होती. लंडनमधले पंतप्रधान, कोबेतला कचरा, तांदळाचे भाव, पावात भरलेल्या नूडल्स. ते कधी आवाज चढवत नसत. गंभीर चेहऱ्याने एखादे वाक्य बोलत आणि समोरचा हसतो का ते चष्म्यावरून बघत. समोर बहुधा मीच असे.

मग शेजारच्या नव्या इमारतीत सुलेखा राहायला आली. तिचा नवरा अंबरीष याला मुंबईच्या बँकेने काही वर्षांसाठी इकडे पाठवले होते. त्यांची मुलगी, तिचे नाव पूर्वी, इथल्याच शाळेत जाई. आता, आमच्या गल्लीत एक रीत आहे. मोहल्ल्याच्या सूचनांची एक पाटी घरोघर फिरते. आपण वाचायची, शिक्का मारायचा आणि पुढच्या घरी द्यायची. तिला काइरानबान म्हणतात. सुलेखाला जपानी वाचता येत नसे. पूर्वीला येई, पण ती आईला म्हणे, "मेंदोकुसाई." म्हणजे कटकट नको. म्हणून सुलेखा ती पाटी घेऊन सरांकडे येऊ लागली. सर मला सुरू करत आणि पाटी वाचून दाखवत. त्यांचे बोलणे इंग्रजीत चाले. मी ते तुम्हाला आपल्या भाषेत सांगते.

"पुढच्या रविवारी गटारं साफ करायची आहेत," सर वाचत. "सगळ्यांनी हातमोजे घालून यावं. माझ्या देशात याच कामावर समिती नेमतात. समितीचा अहवाल येतो, मंत्री राजीनामा देतात, गटार तसंच राहतं."

"आमच्याकडे मंत्री राजीनामाही देत नाहीत, सर," सुलेखा म्हणे.

"मग तुम्ही प्रगत आहात. वेळ वाचतो."

एकदा निवडणुकीच्या प्रचाराची गाडी खालून गेली. भोंग्यावर उमेदवार फक्त स्वतःचे नाव पुन्हा पुन्हा सांगत होता. सुलेखाने कानांवर हात ठेवले. सर म्हणाले, "प्रामाणिक माणूस आहे. नावाखेरीज कसलंही आश्वासन देत नाही."

"तुम्हाला इथे मत देता येतं का?"

"नाही. इथे मी फक्त कर देतो. फार वर्षं बाहेर राहिलो म्हणून माझ्या देशाने मधे माझं मत काढून घेतलं होतं. आता परत दिलं आहे. इतकी वर्षं मत नाही म्हणून कुरकुरत होतो, आता कुणाला द्यावं म्हणून कुरकुरतो. निदान कुरकूर तरी सलग राहिली."

सुलेखा हसे. सरांना ते हवे असे. माझे पाणी तेव्हा कुठे गुणगुणायला लागलेले असे.

एका हिवाळ्यात सरांना ताप आला. सुलेखा दूध, आले आणि चहापत्ती घेऊन आली. सरांकडे पातेले सापडेना. मित्रांनो, तिने काय करावे? दूध, पाणी, ठेचलेले आले, साखर, पत्ती, सगळे माझ्या पोटात ओतले आणि बटण दाबले. वसतिगृहात ती असाच चहा करत असे म्हणे. माझ्या उघड्या कॉइलवर दूध करपले. साय वर आली, झाकणातून फसफसून ओट्यावर सांडली. इंग्लंडमध्ये किटलीत दूध घालणे म्हणजे काय, ते मी कसे सांगू? माझी मान शरमेने खाली गेली असती, पण मला मान नाही.

सरांनी कप तोंडाला लावला. मग इथल्या रीतीने नावाला मानाचा 'सान' जोडून विचारले.

"सुलेखा-सान, याला तुम्ही काय म्हणता?"

"चहा."

"याला आम्ही जेवण म्हणतो," सर म्हणाले आणि सगळा कप प्यायले. ती गेल्यावर त्यांनी मला घासले, पण करपल्याचा वास काही पुरता गेला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात घरमालकाचा माणूस आला. आमची इमारत जुनी होती, भूकंपाच्या नव्या नियमांत बसत नव्हती. ती पाडायची ठरली. सर्वांनी मार्चअखेर जागा सोडायची. सर त्याला खाली सोडून आले, मला सुरू केले, आणि माझ्यासमोर खुर्चीत बसून राहिले. माझे पाणी उकळून गार झाले, तरी चहा केला नाही. मला बरे वाटले नाही.

मग घर शोधणे सुरू झाले. सर ओट्याशी उभे राहून एजंटांना फोन करत. त्यांचे जपानी उत्तम आहे. बोलणे छान सुरू होई. मग पलीकडून वय विचारत, एकटे राहता का विचारत, आणि अडीअडचणीला बोलवावे असे जपानात तुमचे कोण आहे, असे विचारत. सर म्हणत, "तसं कोणी नाही." त्यावर पलीकडून हळू आवाजात एकच उत्तर येई, "चोत्तो मुझुकाशीई देसु ने." म्हणजे, जरा कठीण आहे. इथे 'जरा कठीण' म्हणजे 'नाही'. म्हातारा माणूस एकटा खोलीत मेला तर निस्तरणार कोण, ही घरमालकांची भीती. ती ते कधी बोलून दाखवत नाहीत. सर फोन ठेवताना आभार मानत.

हे सगळे सुलेखाला सांगायला काय हरकत होती? ती शेजारीच राहत होती. ती येण्याआधी सर माझ्यासमोर वाक्य जुळवत. "सुलेखा-सान, माझी एक छोटी अडचण आहे." मग 'छोटी' काढून बघत. मग 'अडचण' बदलून बघत. ती आली, की लंडनचे मंत्रिमंडळ सुरू. मी मुद्दाम सावकाश तापायचे ठरवी. तसे ठरवायची गरजच नव्हती म्हणा. पण पाणी उकळे, चहा होई, कप रिकामा होई, सुलेखा पाटी घेऊन उठे, आणि सर दारात उभे राहून तिला तांदळाच्या भावाचा शेवटचा विनोद ऐकवत. माझा संताप संताप होई. जगातल्या कुठल्याही पंतप्रधानाविषयी हा माणूस बोलू शकत होता. 'मला घर नाही' एवढे तीन शब्द त्याला जमत नव्हते.

त्यात भर म्हणून वर्षाच्या शेवटी अंबरीष एक खोके घेऊन आला. चांगला माणूस. कोणाचे काही रखडलेले त्याला बघवत नाही.

"सर, सुलेखा सांगत होती, तुमची किटली फार वेळ घेते. ही घ्या. जपानी आहे. बटण दाबलं की झालंच."

खरेच, झालेच. ती पांढरी, गुबगुबीत किटली दोन विनोदांत पाणी उकळून मोकळी होई. सुलेखाचे येणे तेवढ्यावर आले. पाटी, चहा, "येते सर," संपले. मला ओट्याखालच्या कपाटात टाकले. अंधारात मला वरचे बोलणे ऐकू येई आणि ते तुटताना कळे. माझी जागा गेली याचे दुःख होतेच. पण नव्या किटलीने सरांची उरलीसुरली संधी घेतली, याचा राग जास्त होता. आणि तिचा तरी काय दोष? ती तिचे काम माझ्यापेक्षा चांगले करत होती.

फेब्रुवारीत सर सामान काढू लागले. पुस्तके दोऱ्याने बांधली. एके सकाळी मला प्लास्टिकच्या पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या जागी ठेवून आले. गाडी आली. बाकीच्या पिशव्या नेल्या आणि माझ्यावर एक चिठ्ठी चिकटवून गेली. नेणार नाही, वार चुकला.

त्या आठवड्यात ती जागा झाडायची पाळी सुलेखाची होती. तिने झाडू टेकवला, चिठ्ठी बघितली, पिशवीतून मला बघितले आणि जागच्या जागी थांबली. धातूचा कचरा कोणत्या वारी, हे तिला डेरेकसरांनीच शिकवले होते. गल्लीतल्या जपानी म्हाताऱ्यासुद्धा शंका आली की त्यांना विचारत. त्या माणसाचा वार चुकतो?

ती मला घेऊन थेट जिना चढली. दार उघडले तसे तिला बांधलेली पुस्तके दिसली.

"सर, हे काय चाललंय?"

"वसंतातली साफसफाई. माझ्या देशात लोक सरकार बदलतात, मी कपाट बदलतो." त्यांनी नव्या किटलीकडे हात नेला. "बसा. चहा टाकतो. ही पटकन करते."

"पटकन नकोय मला," सुलेखा म्हणाली. तिने नव्या किटलीची पिन काढली, मला विसळले, काठोकाठ भरले आणि लावले. मग खुर्ची ओढून बसली.

सरांनी प्रचाराच्या गाडीपासून सुरुवात केली. सुलेखा हसली नाही. त्यांनी लंडन घेतले. ती नुसती बघत राहिली. त्यांनी हवामान घेतले, रेल्वेची नवी घोषणा घेतली, पूर्वीच्या शाळेचा गणवेश घेतला. मी जेमतेम कोमट झाले होते. मग त्यांच्याकडे काही उरले नाही. खोलीत फक्त माझी बारीक घरघर होती.

"मला मार्चअखेर घर सोडायचं आहे," ते म्हणाले. "आणि मला कोणी घर देत नाही."

"कधीपासून माहीत आहे?"

"उन्हाळ्यापासून."

"आणि इतके महिने तुम्ही मला मंत्रिमंडळ सांगत होतात?"

"ते मला जास्त सोपं जातं."

एजंटांची अट काय, ते तिने खोदून खोदून विचारून घेतले. मग तिथूनच अंबरीषला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"अरे, सरांना घर मिळत नाहीये. तुझं नाव आणि नंबर द्यायचाय, अडीअडचणीसाठी."

"गॅरंटर म्हणून? बँकेत चालणार नाही ते."

"गॅरंटर नाही रे. फोन आला तर उचलायचा, एवढंच."

"जपानीत आला तर काय बोलू मी?"

"पूर्वीला दे."

"ती मेंदोकुसाई म्हणेल."

"म्हणू दे. देशील ना?"

"देतो. पण आपली बदली झाली तर गं?"

"तेव्हाचं तेव्हा." सुलेखाने फोन ठेवला. सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि पुष्कळ वेळ पुसत राहिले. मी शेवटी उकळले, तेव्हा ते चहा करायला उठले आणि दूध कपात घालू की किटलीत, असे त्यांनी तिला विचारले. ती त्या दिवशी तेव्हाच हसली.

अंबरीषचे नाव देऊनही दोन एजंटांना ते जरा कठीणच वाटले. तिसऱ्याने जागा दिली. आता आम्ही रेल्वेमार्गाला लागून तळमजल्यावर राहतो. ऊन येत नाही, गाडी गेली की माझे झाकण वाजते. सर म्हणतात, "गाड्या वेळेवर जातात, ही तक्रारसुद्धा करता येत नाही." दोन्ही किटल्या ओट्यावर आहेत. एकटे असले की सर नवी लावतात. सुलेखा आली, की मला. अंबरीषची बदली आज ना उद्या होईल. तेव्हा त्या नावाच्या जागी कोणाचे नाव द्यायचे, हे अजून कोणालाच ठाऊक नाही. सरही तो विषय काढत नाहीत. मला त्याचा राग येतो, पण मी तापण्यापलीकडे काय करू शकते?

तुम्ही करू शकता, मित्रांनो. जुनी वस्तू मंद झाली म्हणून लगेच पिशवीत भरू नका, हे मी सांगणारच, कारण मी जुनी वस्तू आहे. पण माझे खरे मागणे वेगळे आहे. तुमच्या शेजारी एखादा एकटा माणूस असेल, आणि तो सारखा सरकारवर, महागाईवर, साऱ्या जगावर बोलत असेल, तर त्याला हसून दाद द्या, पण एवढ्यात उठू नका. जगाचे बोलून संपले, की तो घराचे बोलेल. तोवर बसा.