फक्त रविवारी बंद पडणारी गाडी

ट्रॅक्टरच्या मागे दोरीला बांधलेली विदोसावकाकाची गाडी आमच्या गॅरेजच्या दारात आली. तो आत कोट घालून, मांडीवर केकचा डबा धरून ताठ बसला होता, जणू ट्रॅक्टर त्याच्याच दिमतीला ठेवलाय. हा सलग तिसरा रविवार.

रादोयेकाकाने टाकीत बाटलीभर पेट्रोल ओतलं आणि किल्ली फिरवली. गाडी चालू झाली, थोड्या वेळाने बीप करून गॅसवरही गेली आणि मांजरासारखी गुरगुरत उभी राहिली.

"बघ," विदोसावकाका म्हणाला, "मला बघून मरते, तुला बघून उठते."

"मग तूच इथे राहा आणि मी जातो जेवायला," रादोयेकाका म्हणाला.

रादोये माझा सख्खा काका. पेट्रोलच्या गाड्यांना गॅसची टाकी बसवायची आणि मग आयुष्यभर त्या टाकीची दुखणी काढत बसायचं, हा त्याचा धंदा. मी शाळा सोडल्यापासून तिथेच असते. सोडली म्हणजे काय, फिजिक्सच्या बाईंच्या तोंडावर दार आपटलं आणि बाहेरच्या बाजूला राहिले.

विदोसावकाका पोस्टातून रिटायर झालेला. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. घरी तो आणि त्याची म्हातारी आई, स्तामेन्काआजी. वसंतात कुणाच्या तरी तेराव्याला टेकडीपलीकडच्या गावातली यागोदा त्याच्या शेजारी बसली. तीही विधवा, मधमाश्या पाळते. तिने रविवारी जेवायला बोलावलं आणि तेव्हापासून हे ट्रॅक्टर सुरू झाले. आता तिने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं की एकदा बिघडते ती गाडी, तीनदा बिघडतो तो माणूस. तिचा मुलगा हिवाळ्यापासून व्हिएन्नाला बोलावतोय, नातवंडं सांभाळायला. येत्या रविवारी सूप टेबलावर असताना विदोसाव दारात नसेल, तर ती मुलाला हो म्हणणार.

आम्ही लॅपटॉप जोडला. गॅसचा दाब पडला, एवढंच तो सांगायचा. काकाने फिल्टर बदलला, दाबाचा सेन्सर बदलला, तापमानाचा तपासला, एकेक वायर हाताने हलवून बघितली. मग गाडीत सिमेंटची पोती भरून शहरात जाऊन आला. काही नाही. विदोसावकाका आठवडाभर ब्रेड आणायला, कोंबड्यांचं खाणं आणायला, अगदी पावसातसुद्धा फिरला. काही नाही. ट्रॅक्टरवाला म्हणाला की दृष्ट लागली, लाल दोरा बांधा. काका म्हणाला की गाडीला वार कळत नाहीत. मी म्हटलं, हिला कळतात.

म्हणून रविवारी मी लॅपटॉप घेऊन विदोसावकाकाच्या गाडीत बसायचं ठरलं. मी बसायच्या आधी त्याने सीटवर वर्तमानपत्र पसरलं. मला राग आला, पण त्यावरच बसले.

गाडी अंगणातून निघाली आणि मागून धाडकन आवाज आला. मी वळून पाहिलं. स्तामेन्काआजी रिकामी बादली घेऊन उभी होती आणि आमच्या मागच्या बंपरवरून पाणी गळत होतं.

माणूस मोठ्या कामाला निघाला की मागून पाणी ओतायचं, काम पाण्यासारखं वाहत जावं म्हणून. आमच्याकडे सगळेच ओततात, त्यामुळे ते कुणाला दिसतच नाही. पण बादली मी पहिल्यांदा बघत होते.

"बादलीभर?" मी विचारलं.

पहिल्या रविवारी ग्लासभर होतं, त्याने सांगितलं. काम झालं नाही म्हणून पुढच्या रविवारी तांब्या, मग घागर. आईचं म्हणणं, पाणी कमी पडतंय.

"आणि ब्रेड आणायला जाताना?"

"ब्रेडला कोण पाणी ओततं?"

माझ्या डोक्यात काहीतरी हललं, तेवढ्यात लॅपटॉपवरची दाबाची रेघ धपकन खाली आली, बीप झालं आणि आलुबुखार वाळवायच्या शेडजवळच्या वळणावर गाडी थांबली. गॅस बंद झाला तर पेट्रोलवर चालायला हवी होती. मी टाकीत पेट्रोल किती आहे विचारलं, तर म्हणे इंजिन गरम होईपर्यंत लागतं तेवढं, बाटलीभर. गॅसच्या गाडीला पेट्रोल कशाला? मी मोठ्याने दहा आकडे मोजले.

मग गाडीखाली शिरले. आकाश निळंभोर आणि माझ्या डोळ्यात पाण्याचा थेंब. गॅसची टाकी मागे खालीच बसवलेली. टाकीचा व्हॉल्व्ह उघडा ठेवणाऱ्या वायरच्या प्लगचं टोपण तडकलं होतं, पुढून उडणारा पाऊस टाकीला अडायचा, पण मागून आलेली बादली सरळ आत. प्लग गंजून हिरवा पडलेला. मीटर लावला. बारा व्होल्ट हवेत तिथे जेमतेम सात. म्हणून व्हॉल्व्ह मिटायचा, आणि ट्रॅक्टर येईपर्यंत सगळं वाळून शहाण्यासारखं चालू.

"तुमच्या आईने केलंय हे," मी खालूनच ओरडले. "आता जाऊन सांगते तिला."

तो केकचा डबा घेऊन दगडावर बसला होता.

"सांगू नकोस, नेवेना," तो म्हणाला. "पहिल्यांदा शाळेत गेलो तेव्हा ओतलं. सैन्यात गेलो, लग्नाला निघालो, दरवेळी. तिच्याकडे मला द्यायला दुसरं काय आहे आता?"

मी त्याच्या कोटातला इस्त्रीचा रुमाल मागितला, वायरी पुसल्या, प्लग कापून टाकला, वायरी थेट पिळून चिकटपट्टी लावली. किल्ली फिरवली. शेवटच्या घोटभर पेट्रोलवर इंजिन सुरू झालं आणि गॅस आला.

यागोदा फाटकात उभी होती. तिने त्याच्या हातातला काळाकुट्ट रुमाल पाहिला, मग माझं चिखलाने माखलेलं तोंड.

"ही कोण?"

"माझी मेकॅनिक."

"म्हणजे गाडी खरंच बिघडायची," ती म्हणाली आणि आत जाऊन तिसरी ताटली घेऊन आली. सूप परत गरम करावं लागलं.

सोमवारी मी नवा प्लग बसवला आणि त्यावर जाड रबर गुंडाळलं, आता नदीत घातली तरी चालेल असं. त्याच्या अंगणातच करत होते. स्तामेन्काआजी काठी टेकत आली, वाकून गाडीखाली बघत राहिली.

"रबर कशाला?"

"धूळ जाते," मी म्हटलं. खोटं मला कधीच जमत नाही, शाळेतही जमायचं नाही. माझी नजर सरळ तिच्या दारातल्या बादलीवर गेली.

तिनेही तिकडे बघितलं. "हं," म्हणाली आणि आत गेली.

शरद ऋतूत विदोसावकाका यागोदाकडे राहायला निघाला. आईलाही चल म्हणाला होता. ती म्हणाली, कोंबड्या कोण बघणार. मी सुटकेस उचलायला गेले होते. गाडी सुरू झाली. स्तामेन्काआजी तांब्या घेऊन बाहेर आली, फाटकापर्यंत चालत गेली आणि नेहमीसारखा हात मागे नेऊन तिने तांब्या गाडीमागे पालथा केला.

विदोसावकाकाने आरशात बघून हात हलवला, हॉर्न वाजवला.

तांब्यातून थेंबही पडला नाही. गाडी वळणाआड जाईपर्यंत ती तो तसाच पालथा धरून उभी होती.