ज्याची गाठ, त्यानंच सोडायची

तलवाड्याच्या त्रिंबक हाडवैद्याचं घर म्हणजे त्या मुलखात शेवटचा शब्द. बैलानं तुडवलेला गडी असो की झाडावरून पडलेला, उचलायचा आणि त्या ओट्यावर नेऊन ठेवायचा. शहादेवाच्या बापाचा निखळलेला खुबा तिथंच बसला आणि म्हातारा मरेपर्यंत नांगर धरून चालला. हैदराबादेत मुसी नदीला महापूर आला, त्याच्या पुढच्या साली शहादेवाची लेक मुक्ता कडब्याच्या गंजीवरून पडली. उजवा हात कोपराखाली मोडला. कुठं न्यायचं हा प्रश्नच नव्हता. त्यानं गाडी जुंपली.

त्रिंबकबुवा तोवर वारले होते. मागं दोन लेक, रामकिसन आणि राधाकिशन. बापाची विद्या दोघांकडं होती, पण आपसात विळ्याभोपळ्याचं सख्य. एकानं बांधायचं, दुसऱ्यानं ते सोडून 'चुकलंच होतं' म्हणून गावभर सांगायचं. घराची अब्रू जायला लागली तेव्हा आईनं, वच्छलाबाईनं, दोघांना देवापुढं शपथ घ्यायला लावली: ज्याची गाठ त्यानंच सोडायची, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. शपथ होती भावांच्या भांडणावर, पण लोकांनी ती औषधातच जमा केली. परका हात लागला की हाड बसत नाही, असं जो तो सांगू लागला. भावांनीही तो समज मोडला नाही. कशाला मोडतील? त्यानं घराचा वचक वाढतच होता.

मुक्ताचा हात राधाकिशननं बांधला. एरंडाची पानं, बांबूच्या कामट्या आणि वर सुताची आवळ गाठ. पोरगी कळवळली.

"दुखनारच. हाड हाय, कणीक न्हाई," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी सासुरवाडीला, लिंबागणेशला निघून गेला.

दोन-तीन दिवसांत मुक्ताची बोटं सुजली, मग काळीनिळी पडली.

"बा, सोड की. लई आवळलंय," ती सारखी म्हणायची.

"आवं, बोटं तरी बगा पोरीची," तिची आई भिवराबाई म्हणाली. "कापा ती दोरी."

"आन् हाड वाकडं बसलं मंग? जल्मभर भोगंल ती. तीन पिढ्यांचं घर हाय त्ये. आपुन शाने का ते शाने?"

"मंग बीडला न्या, सरकारी दवाखान्यात."

"तितं करवतीनं कापत्यात."

शहादेव वाईट माणूस नव्हता. लेकीवर जीव होता, म्हणूनच तो भ्याला होता. भ्यालेला माणूस नावाजलेल्या दाराचाच आडोसा धरतो. तो मुक्ताला घेऊन पुन्हा तलवाड्याला गेला.

ओट्यावर रामकिसन होता. त्यानं बोटं दाबून पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. शहादेवानं तो उतरताना पाहिला.

"सोडा की, बुवा."

रामकिसननं दाराकडं पाहिलं. दारात वच्छलाबाई उभी होती.

"गाठ राधाकिशनची हाय," तो खाली बघत म्हणाला. "येईल तो एक-दोन दिवसांत. मला शपथ हाय. आन् तुमी सोडली तर आमची जिम्मेदारी न्हाई."

या मेल्यांना हात सडताना दिसत होता आणि यांनी आपली शपथ सांभाळली. शहादेवालाही दिसत होतं, तरी तो गाडी वळवून घरी आला.

दुसऱ्या दिवशी मुक्ता रडायची थांबली. हात दुखत नाही म्हणाली. शहादेवाचा जीव भांड्यात पडला. "बगितलं? गुन आला," तो बायकोला म्हणाला आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला.

मग वास यायला लागला. भिवराबाईनं विळा आणून त्याच्यापुढं ठेवला. शहादेवानं गाठ कापली. कामट्यांखालचं कातडं एरंडाच्या पानांबरोबर निघून आलं. त्याच गाडीत घालून त्यानं मुक्ताला बीडला नेलं.

"इत्ते दिन कायकू बांध के रखे?" दवाखान्यातल्या डॉक्टरानं एवढंच विचारलं. पोरगी वाचली. हात कोपरातून काढावा लागला.

ते गावी परतल्यावर दोघे भाऊ समाचाराला आले. शेजारीपाजारी जमले. जन्मात पहिल्यांदाच भाऊ एका तोंडानं बोलले.

"आमी बजावलं व्हतं," रामकिसन म्हणाला. "गाठ यांनी कापली."

"मी येनारच व्हतो," राधाकिशन म्हणाला. "परक्या हातानं घात केला."

लोकांनी माना डोलावल्या. शहादेवाच्या अंगाचा तिळपापड झाला. पण बोलली ती मुक्ता.

"बानं कापली तवा हात मेलाच व्हता. मी आदीपासून सांगत व्हते, कुनी ऐकलं न्हाई."

शहादेवाला बसल्या जागी मरण यावं असं वाटलं. मग शेजारचा उत्तरेश्वर खाकरला आणि भावांकडं वळला.

"बुवा, आमच्या म्हातारीचं मनगट मोडलंय सकाळी. आज आनू का उद्या?"

"नको नेऊस, उत्तरेश्वर," शहादेव म्हणाला. "मी पाया पडतो तुज्या."

उत्तरेश्वरानं जवळ येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याला खरंच वाईट वाटत होतं.

"तुजं दुख कळतंय, गड्या," तो म्हणाला. "पन तू थोडा दम धरायला पायजे व्हता."