नुसते ओठ

माझ्या नवऱ्याचं नाव व्यंकोजी. एकदा घेतलं, आता पुन्हा घ्यायला लावू नका. हे कुंभकोणात नाटक कंपनीत बास वाजवायचे. बास म्हणजे माणसाहून उंच फिडल, चार जाड तारांचं. सगळ्या वाद्यांच्या तळाशी जो खर्ज घुमतो तो त्याचा. ह्यांचे आजोबा तंजावरच्या राजवाड्यातल्या बँडात हेच वाजवायचे, आणि त्यांचंच वाद्य ह्यांच्याकडे आलेलं.

त्या वाद्याच्या मानेवर आजोबांनी चाकूने खुणा पाडलेल्या होत्या. इथे बोट ठेवलं की सा, इथे रे, इथे ग. ह्यांनी जन्मभर त्या खुणांवर बोटं ठेवली. कानाला कधी काम दिलंच नाही. मला हे ठाऊक होतं, पण बायकोनं असं तोंडावर बोलायचं नसतं, म्हणून गप्प होते. चुकलंच माझं.

कार्तिकातल्या त्या वादळात आमच्या छपराची कौलं कोसळली ती नेमकी त्या वाद्यावर. मानेचे तीन तुकडे. हे रात्रभर तुकडे पोटाशी धरून बसले. कंपनीकडे स्वतःचा बास होता, नवा, गुळगुळीत मानेचा. मालक त्यावर चाकू चालवू देईना, म्हणून हे खडूच्या रेघा ओढायला लागले. आणि पोंगलच्या खेळाला, भर गर्दीत, राणी वनवासाचं गाणं म्हणत असताना, घामानं खडू पुसला गेला. अय्यो, काय सांगू! बास एकीकडे, राणी दुसरीकडे. ती गाता गाता थांबली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. पेटीमास्तर शंकरनारायण म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी दुपारी या. खडूशिवाय वाजवून दाखवा. नाहीतर येऊ नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी हे दिसेनात. शोधत शोधत मेलकावेरीच्या घाटावर गेले तर अंगावरच्या धोतर-सदऱ्यासकट कमरेएवढ्या पाण्यात उभे. आंघोळ नाही, अर्घ्य नाही, नुसते पुढे बघत होते. मी लुगड्यासकट आत शिरले आणि मनगट धरलं.

"पंकजा, सोड," म्हणाले. "माझ्या हातांस काही येत नाही. कधीच येत नव्हतं. ते आजोबांचे चाकूचे वार वाजत होते."

"मग शिका!" मी ओरडले. "आधी बाहेर या, मेल्या पाण्यातून, आणि मग शिका!"

नवऱ्याला मी आयुष्यात असं कधी बोलले नव्हते. घरी आणलं, कोरडं नेसवलं, आणि त्याच दिवशी ठरवलं की ह्या माणसाला आता गायला लावायचं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे दर शनिवारी विठ्ठलापुढे भजन होतं. सगळे पुरुष गातात, हेही गातात, डोळे मिटून. पण गातात कुठले! नुसते ओठ हलवतात. चौदाव्या वर्षी आवाज फुटला तेव्हा सासरे सगळ्यांदेखत म्हणाले होते, "तोंड मीट, देव उठून जाईल." तेव्हापासून गळ्यातून सूर नाही. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी शेजारी टाळ घेऊन बसले होते, तेव्हाच मला कळलं. बारा वर्षं झाली. मी कोणाला सांगितलं नाही, ह्यांनाही नाही.

ओट्यावरच्या लाकडी खांबाला मी चार सुतळ्या उभ्या बांधल्या. "हा तुमचा बास. गा आणि गाताना बोट फिरवा."

"पेटी काढ मग."

"पेटी नाही. तंबोरा नाही. टाळही नाही."

"श्रुती धरल्यावाचून गायचं? विठ्ठलासमोर?"

"विठ्ठलाचं मी बघून घेते. पेटी लावली की तुम्ही तिच्या अंगावर रेलणार, जसे त्या खुणांवर रेललात. तुमचा सूर तुमच्या गळ्याला शोधू द्या."

पहिल्या दिवशी जो आवाज निघाला तो ऐकून शेजारची अलमेलू कुंपणाशी येऊन विचारायला लागली, कोणी आजारी आहे का? ह्यांचे कान लाल झाले. उठून आत गेले. मी बाहेर ओढून आणलं. पुन्हा सा. पुन्हा उतरला. पुन्हा. मी वरचा सा म्हणायची, हे त्याखालचा खर्ज शोधायचे, आणि सापडेपर्यंत मी श्वास घ्यायला थांबायची तेवढीच. जेवणं ओट्यावर. तिसऱ्या दिवशी खर्ज लागला. चौथ्या दिवशी राणीचं अख्खं गाणं खालच्या सुरात, एकट्यानं, न घसरता. भसाडं, पण खरं.

पण खांब काही वाजत नाही ना! गळा बरोबर येतोय हे मला कळत होतं, बोटं बरोबर पडतायत का ते कोणाला ठाऊक? ह्यांना खोट्या आशेवर चढवतेय का मी? शुक्रवारी पडले तर परत घाटावर जातील, आणि मी तेव्हा पोचेन कशावरून?

शुक्रवारी झावळ्यांच्या मांडवात बायकांच्या दारापाशी मी उभी राहिले. आत शंकरनारायण आणि पाच-सहा वाजवणारे. ह्यांनी बास घेतला. पहिला सूर चुकला. एकजण खोकल्यासारखं हसला.

ह्यांनी डोळे मिटले, आणि तोंड उघडून मोठ्यानं सा म्हणाले. त्या सगळ्यांसमोर, त्या आवाजात! बोट सरकलं आणि बरोब्बर त्या आवाजाखाली जाऊन बसलं. मग रे, मग ग, मग गाणं. एकही सूर हलला नाही. मी पदर तोंडात कोंबला.

शंकरनारायण म्हणाले, "हात चांगला आहे. आता तोंड बंद करून वाजवा. राणी गात असताना तुम्ही रेकणार आहात का?"

ह्यांनी तोंड मिटलं. तिसऱ्याच सुराला बास घसरला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा घसरला. कपाळावर घाम. माझ्याकडे पाहिलं, आणि ती नजर मी घाटावर पाहिलेली होती. शंकरनारायणांनी पेटीचा भाता मिटला. "पुरे."

माझ्या तोंडून निघून गेलं. मराठीत ओरडले; बाकी सगळे तमिळ, त्या मांडवात मराठी आम्हां दोघांशिवाय कोणाला कळत नव्हती.

"अहो! भजनात करता तसं करा! नुसते ओठ!"

हे दगडासारखे झाले. माझ्याकडे बघतच राहिले. बारा वर्षं जे झाकून ठेवलं होतं ते मला पहिल्यापासून ठाऊक होतं, हे त्या क्षणी त्यांना कळलं. मला वाटलं, आता वाद्य टाकतील आणि निघून जातील, आणि ते माझ्यामुळे झालेलं असेल.

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलायला लागले. आवाज नाही, श्वाससुद्धा नाही. शनिवारी हलतात तसेच हलत होते. आणि खालून खर्ज आला, गोल, भरलेला, राणीचं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत. शंकरनारायणांनी भाता पुन्हा उघडला आणि साथ धरली.

घरी आलो. ओट्याशी आल्यावर हे म्हणाले, "कधीपासून?"

"पहिल्या महिन्यापासून."

"आणि कधी बोलली नाहीस."

"काय बोलायचं?"

दुसऱ्या दिवशी शनिवार. सगळे जमले, मी टाळ घेतला. दुसऱ्या अभंगाला माझ्या शेजारून आवाज आला, भसाडा, मोठा. सगळे वळून बघायला लागले, अलमेलू दारापर्यंत आली. मी टाळ मांडीवर ठेवला, मला नीट ऐकायचं होतं.