तीन पायांचा स्टँड

दौऱ्यावर जाताना कॅमेऱ्याबरोबर काय काय घ्यावं, हे सरकारी प्रसिद्धी खात्यातली नवी पोरं अच्युतला विचारायची. तो खुलून सांगायचा. उन्हाचा अंदाज डोळ्यांनी घेऊ नका, लाइट मीटर घ्या. ढग उठून दिसायला पिवळा फिल्टर घ्या. रोल डब्यात घालून डबा ओल्या फडक्यात गुंडाळा. पण सगळ्यात आधी स्टँड, आणि शटर लांबून दाबायची वायर. या दोन गोष्टी राहिल्या तर घरी परत या.

तीन पायांच्या लाकडी स्टँडचं ओझं तो समारंभातही वागवायचा. नागपूरहून नव्या राजधानीत बदली होऊन आल्यावर भोपाळच्या कचेरीनेही त्याचं नाव ठेवलं होतं, पाच पायांचा माणूस. अच्युत हसून घ्यायचा. त्याचे हात कापतात हे फक्त त्याच्या बायकोला, वसुधाला माहीत होतं. हे बाहेर फुटलं असतं तर सरकारी कॅमेरा कोण हाती देणार? सरळ दप्तरखान्यात रवानगी. फोटो काढण्यापलीकडे त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसऱ्या कशाची आवडही नव्हती.

सत्तावन्नच्या हिवाळ्यात प्रवाशांसाठी पुस्तिका काढायचं ठरलं. नीळकंठराव हे खात्याचे साहेब, तेही नागपूरचेच. ते स्वतः जीपमधून बरोबर निघाले. भोजपूरच्या वाटेवर, शहर मागे टाकल्यावर एका गावाबाहेर विहीर दिसली. पाणी भरणाऱ्या बायका, मागे टेकडी, कोवळं ऊन. साहेब म्हणाले, "अच्युतराव, मुखपृष्ठ मिळालं."

अच्युतने स्टँड उभा केला मात्र, बायका घागरी टाकून पळाल्या. पाच मिनिटांत सगळं गाव गोळा झालं. महिन्यापूर्वी राजधानीच्या आखणीसाठी मोजणीवाले आले होते, असाच तीन पायांचा स्टँड घेऊन. त्यांनी कुणाच्या गव्हात, कुणाच्या अंगणात खुंट्या ठोकल्या होत्या. कुणाची जमीन जाणार, कुणाची राहणार, कोणी काही सांगितलं नव्हतं.

एक म्हातारी पुढे आली आणि स्टँडचा पाय धरून खालीच बसली. "नाप मत करो साहब. ये खेत गया तो हम कहाँ जाएँगे?"

"फोटो है अम्मा, सिर्फ फोटो," अच्युत म्हणाला.

"वो भी यही बोले थे."

नीळकंठराव कंटाळले. "स्टँड कशाला हवाय? हातात धरून काढा की. नाहीतर चला, पुढे दुसरं गाव बघू. हे लोक ऐकायचे नाहीत."

चला म्हणायचीच खोटी होती. स्टँड मिटायचा, जीपमध्ये बसायचं, की सुटलो. अच्युतने स्क्रू सैल केलाही. म्हातारी मात्र स्टँडचा पाय सोडेना. ती रडत होती, आणि आपण गेल्यावरही रडत बसणार, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. त्याला तिची कीव आली आणि स्वतःचा रागही आला.

त्याने कॅमेरा काढून दोन्ही हातांत धरला, तिच्या डोळ्यांसमोर. कॅमेरा थरथरू लागला. पट्ट्याची कडी खडखड वाजायला लागली.

"देखो अम्मा. मेरे हाथ काँपते हैं. इसके बिना मेरा फोटो नहीं आता. जमीन नापने नहीं आया मैं."

म्हातारीने बराच वेळ त्या हातांकडे पाहिलं. मग पदराने डोळे पुसले. "हमारे बूढ़े के भी ऐसे ही थे," ती म्हणाली आणि बायकांना हाक मारली. सगळ्या परत आल्या. अच्युतने कॅमेरा स्टँडवर बसवला, वायर दाबली. फोटो उत्तम आला.

परतीच्या वाटेवर साहेब त्याच्या हातांकडे बघत होते. मग म्हणाले, "कधीपासून?"

"तीन वर्षं झाली."

"आपण निघालोच होतो, अच्युतराव. गप्प बसायचं होतं."

"हो साहेब."

सोमवारी हुकूम आला. कॅमेरा आणि सामान काशिनाथ या नव्या फोटोग्राफरच्या ताब्यात द्यावं, अच्युतने दप्तरखान्यात हजर व्हावं. त्याने एकेक वस्तू मोजून दिली. पुस्तिका निघाली तेव्हा मुखपृष्ठावर विहीर होती. फोटो कुणाचा ते छापलं नव्हतं.

 त्या रात्री जेवायला वाढताना वसुधाने विचारलं, "पस्तावा होतो का?"

"होतो. फार होतो."

"आणि पुन्हा तशी वेळ आली तर?"

अच्युतने घास खाली ठेवला. "पुन्हा कशी येईल वसुधा? आता मला कोण कुठे नेतंय?"